‘२४ तासांत पेज बंद होईल’ असा मेल आला तर...

आपल्याकडे केज, गेवराई, जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावांतल्या माणसांनी फेसबुक पेजवर धंदे उभे केलेत. केशर आंब्याची कलमं, उस्मानाबादी शेळ्या, बी-बियाणं, तालुक्याच्या बातम्या, कीर्तनाचं लाइव्ह. चार-पाच हजार फॉलोअर जमवायला वर्षं गेलेली असतात. आणि नेमका याच माणसांना मेल येतो: तुमच्या पेजनं कॉपीराइटचा भंग केलाय, २४ तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद.

मला याची भयंकर चीड आहे. लॉटरी लागल्याचा मेल आता आपली माणसं हसून सोडून देतात. पण हा मेल कष्टाच्या कमाईवर घाव घालतो, तोही वकिली इंग्रजीत. कोर्टाचा समन्स दारात आल्यासारखी घरभर धांदल उडते.

मागं अंबाजोगाईच्या एका रोपवाटिकेवाल्या काकांनी मोबाईल पुढं केला. “दादा, हे बघा बरं. पेज बंद करायलेत म्हणं, ऐन पावसाच्या तोंडावर.” मेलवर मेटाचं, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीचं चिन्ह, पाठवणाऱ्याचं नाव ‘मेटा बिझनेस सपोर्ट’. त्या नावावर बोट टेकवलं तर खाली साधा जीमेलचा पत्ता. मग ‘अपील’चं निळं बटण दाबून धरलं, तेव्हा लिंक दिसली. तिच्यात ‘फेसबुक’ होतं, पण सुरुवातीला. शेवट भलत्याच साइटचा. वेबच्या पत्त्यात सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढं जी पहिली तिरकी रेष येते, तिच्या अगदी आधी जे असतं ते खरं घर. त्याच्या अलीकडं कुणीही काहीही लिहू शकतं.

त्या बटणाच्या पलीकडं काय असतं तेही सांगतो. हुबेहूब फेसबुकसारखं पान. पेजचं नाव, फोन, जन्मतारीख विचारतं, मग पासवर्ड. पुष्कळदा पहिल्यांदा ‘पासवर्ड चुकला’ म्हणतं, म्हणजे तुम्ही तो पुन्हा नीट टाइप करता. नंतर मोबाईलवर आलेला कोड मागतं. तिकडं बसलेला माणूस त्याच क्षणी तुमच्या खात्यात शिरत असतो, तो कोड त्यालाच हवा असतो. एकदा आत गेला की तुम्हाला ॲडमिनवरून काढतो, कार्ड जोडलेलं असेल तर त्यावर जाहिराती चालवतो, आणि तुमच्या नावानं पाहुण्यारावळ्यांकडं पैसे मागतो.

फेसबुकचे खरे मेल पुष्कळदा ‘फेसबुकमेल डॉट कॉम’वरून येतात, हे खरं. पण नुसत्या पत्त्यावरही विसंबू नका. पेजला ‘मेटा’सारखं नाव देऊन फेसबुकच्याच बिझनेस आमंत्रणाच्या सोयीतून फसवे मेल पाठवल्याचे प्रकार झालेत, आणि तिथं पत्ता खराच दिसतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: मेलमधून आत जायचंच नाही. मेल तसाच ठेवायचा, ॲप उघडायचं, सपोर्ट इनबॉक्स बघायचा. पेजवर खरंच कारवाई असेल तर ती तिथं दिसते. पासवर्ड आणि सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फेसबुकनं अलीकडं पाठवलेल्या मेलची यादीही असते. इन्स्टाग्रामवरही तशीच सोय आहे.

फुकट ब्लू टिकचा मेल तर सरळ डिलीट करा. पैसे भरून ब्लू टिक देणारं मेटा व्हेरिफाइड भारतात जून २०२३ मध्ये आलं तेव्हाच मोबाईलवर महिना ६९९ रुपये होते.

कुणी पासवर्ड देऊन बसलाच असेल तर रडत बसायला वेळ नाही. आत जाता येत असेल तर पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा, नवा ॲडमिन कुणी घुसलाय का बघा. आत जाता येत नसेल तर ‘फेसबुक डॉट कॉम’पुढं तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘हॅक्ड’ (hacked) टाइप करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आली तरच हाती लागते. आणि मेसेंजरवरून पैसे मागितले जातायत हे फोन करून गावात सांगा. लाजू नका.

ही लाज आपणच घालतो, हे मला फार खटकतं. “शिकलेला असून फसला” असं पारावर हसलं जातं, म्हणून फसलेला गप्प बसतो आणि तेवढ्यात त्याच्या नावानं आणखी चार जणांचे पैसे जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हेगार तो आहे.

काकांचं पेज शाबूत आहे. तिथंच खुर्चीवर बसून त्यांच्या मोबाईलवर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत कोडही मागणारी सोय, चालू करून दिली, विश्वासातला दुसरा ॲडमिन म्हणून त्यांच्या लेकीला जोडलं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या गल्लीत पेजवर पोट असलेलं जे कुणी असेल, त्याला या रविवारी एवढं करून द्या.