“गोल्फ कार्ट घराच्या विम्यातच येते” हा समज महागात पडतो

फ्लोरिडात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांत एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर जात असतो. त्याचा आशय असा: गोल्फ कार्ट आणि एलएसव्ही म्हणजे लो-स्पीड व्हेइकल एकच, कुठल्याही ब्रँडची घ्या, स्वस्त पडेल ती, दिवे-आरशांचं किट बसवलं की रस्त्यावर चालते, घराच्या इन्शुरन्समध्ये सगळं येतं, लायसन्स लागत नाही, त्यामुळे भारतातून आलेले आईबाबाही चालवू शकतात. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही आणि दोन तर धोकादायक आहेत.

“दोन्ही एकच”

फ्लोरिडाच्या कायद्यात गोल्फ कार्ट म्हणजे ताशी 20 मैलांपेक्षा (सुमारे 32 किमी) जास्त वेग घेऊ न शकणारी गाडी. तिला प्लेट नसते आणि ती ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच चालते. एलएसव्हीचा कमाल वेग ताशी 20 मैलांपेक्षा जास्त, पण 25 पर्यंत. तिला टायटल (मालकीचा कागद), नोंदणी, प्लेट आणि विमा लागतो, आणि ताशी 35 मैल किंवा कमी वेगमर्यादेच्या रस्त्यांवर ती चालवता येते. 1998 साली आलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय वाहन सुरक्षा मानक क्र. 500 नुसार तिला हेडलाइट, टेललाइट, ब्रेकलाइट, पुढे-मागे इंडिकेटर, रिफ्लेक्टर, आरसे, पार्किंग ब्रेक, विंडशील्ड, प्रत्येक सीटला पट्टा आणि 17 अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सीटखाली किंवा डॅशखाली नुसता सीरियल नंबर असेल तर ती गोल्फ कार्ट. ईझी-गो कंपनीच्या लिबर्टी आणि लिबर्टी एलएसव्ही या नावाने सख्ख्या बहिणी, पण कायद्याने वेगळ्या. त्यामुळे ब्रोशरवर विसंबू नका. उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र मागा आणि त्यावर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते पैसे देण्याआधी वाचा.

“किट बसवलं की झालं”

किटमुळे दिवे आणि आरसे मिळतात, कागद मिळत नाहीत. गोल्फ कार्टची एलएसव्ही करायची तर फ्लोरिडात ती ट्रेलरवर घालून मोटर वाहन खात्याच्या विभागीय कार्यालयात न्यावी लागते (चालवत नेता येत नाही). तिथे वजनाची प्रमाणित पावती आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, तपासणी करून घ्यायची, मग व्हीआयएन मिळतो. हे न करता कंट्रोलरचं (मोटरला किती वीज जाईल ते ठरवणाऱ्या भागाचं) प्रोग्रॅमिंग बदलून वेग 20 च्या वर नेला, तर गाडी गोल्फ कार्टही राहत नाही आणि एलएसव्हीही होत नाही.

शिवाय ब्रेक. कित्येक गोल्फ कार्टना फक्त मागच्या चाकांना, केबलने ओढले जाणारे ड्रम ब्रेक असतात. वेग 15 वरून 25 वर गेला की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते. ब्रेक मात्र तेच राहतात.

“घराच्या इन्शुरन्समध्ये सगळं येतं”

सगळ्यात मोठं नुकसान या वाक्याने होतं. प्रचलित नमुन्याच्या होमओनर्स पॉलिसीत मोटार वाहनांची लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी) मुळात वगळलेली असते. गोल्फ कार्टला अपवाद आहे, पण त्याला अटी आहेत: गाडी जास्तीत जास्त 4 जणांसाठी बनवलेली हवी, 25 मैलांपेक्षा जास्त वेगासाठी बनवलेली किंवा बदललेली नको, आणि ती गोल्फ कोर्सवर किंवा तुमचं घर ज्या खासगी वसाहतीत आहे तिथेच, परवानगी असलेल्या रस्त्यांवर चालवलेली हवी. म्हणजे 6 सीटर घेतलीत की पहिल्याच अटीत अडकलात. आणि सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी झाली की हा अपवादच लागू होत नाही. एलएसव्हीची प्लेट ज्या दिवशी लागते त्या दिवशी घराची पॉलिसी तिच्यापुरती संपते.

हे झालं दुसऱ्याच्या नुकसानीचं. स्वतःची कार्ट चोरीला गेली किंवा चार्जिंगला असताना जळाली तर? त्यासाठी एचओ 05 28 हे वेगळं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कलम) लागतं. फ्लोरिडात बऱ्याच कंपन्या स्वतःचे शब्द वापरतात, म्हणून एजंटच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पॉलिसीतलं कलम दाखवायला सांगा किंवा उत्तर ईमेलवर घ्या.

एलएसव्हीला किमान 10,000 डॉलर पीआयपी (चूक कोणाचीही असो, आपल्या इजेचा खर्च देणारं कव्हर) आणि 10,000 डॉलर प्रॉपर्टी डॅमेज (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) सक्तीचं आहे. यात समोरच्या माणसाला झालेल्या इजेची जबाबदारी नाही! त्यासाठी बॉडिली इंज्युरी हे कव्हर वेगळं मागून घ्या. आमच्या मते 100,000/300,000 डॉलरच्या (एका माणसामागे/एका अपघातामागे) खाली जाऊ नये. अम्ब्रेला पॉलिसी (बाकीच्या पॉलिसींच्या वरची जादा लायबिलिटी) असेल तर तिच्याखालच्या पॉलिसीची मर्यादा किती लागते तेही त्याच वेळी विचारा.

“ब्रँडला महत्त्व नाही”

आहे, पण कागद तपासल्यानंतर. क्लब कार या ब्रँडची फ्रेम ॲल्युमिनियमची असते, ईझी-गो आणि यामाहाची स्टीलची. समुद्राजवळ राहत असाल तर जुनी स्टीलची गाडी घेताना मॅट उचलून बॅटरी ट्रेचे कोपरे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. क्लब कार असली तरी खालचे लीफ स्प्रिंग पोलादीच असतात, तिथला गंज बघायचाच. जेम या ब्रँडची गाडी मात्र कारखान्यातूनच एलएसव्ही म्हणून निघते, त्यामुळे नोंदणीचा त्रास कमी. चीनमधून येणाऱ्या गाड्या घेताना आधी डीलरला विचारा की कंट्रोलर आणि चार्जर त्याच्याकडे स्टॉकमध्ये आहेत का.

लेड-ॲसिड बॅटरीची जुनी गाडी असेल तर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग व्होल्ट मोजायचं मीटर लावा. 48 व्होल्टचा संच 50.9 च्या आसपास दिसायला हवा. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, एक जरी मागे पडली तरी ती सगळ्या संचाला ओढते.

“लायसन्स लागत नाही”

ऑक्टोबर 2023 पासून 18 वर्षांखालच्यांना गोल्फ कार्टसाठीही लर्नर्स परमिट किंवा लायसन्स लागतं. मोठ्यांना सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, म्हणजे आईबाबांचा पासपोर्ट चालेल. एलएसव्हीला मात्र वैध ड्रायव्हिंग लायसन्सच हवं. बाबा भारतातून निघण्याआधी त्यांचं तिथलं चारचाकीचं लायसन्स तपासून बघा, मुदत संपलेली असू शकते. आणि आईबाबा किती महिने राहणार, गाडी चालवणार का, हे विमा कंपनीला आधीच कळवा.