चाफा? कुठला चाफा?

फुलझाड ओळखायला शास्त्रीय नावच लागतं, गावठी नावं काही कामाची नाहीत, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गावठी नाव फसवतं ते अर्धवट ऐकणाऱ्याला.

चाफ्याचंच घ्या. हे नुसतं आडनाव आहे. सगळ्या गावाने लावलंय, नातं कुणाचं कुणाशी नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद. देवळापाशी असतो तो पांढरा, म्हणजे देवचाफा किंवा खुरचाफा, कण्हेरीच्या कुळातला. फांदी मोडली की चीक गळतो, आणि गंमत म्हणजे हा मूळचा अमेरिका खंडातला! भुईचाफा तर हळद-आल्याच्या घरातला.

म्हणून 'चाफा' सोडा, त्याच्या आधीचा शब्द ऐका. भुई: उन्हाळ्यात पानाचा पत्ता नसताना फूल थेट जमिनीतून वर येतं. कवठी: पिकल्या कवठाचा वास. हिरवा: फूल पानांत असं दडतं की नाकानेच शोधावं लागतं, पिवळं पडायला लागलं की घमघमतं. उलट देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलंय. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण अंगणात उभं राहून झाड ओळखायला त्या नावाचा काय उपयोग?

आणि ही नावं फक्त आजीच्या काळातली नाहीत. चिनी गुलाबाला 'ऑफिस टाइम' कुणी म्हटलं असेल त्याला माझा नमस्कार. उन्हं वर आली की उघडतो, दुपारनंतर मिटतो. गुलबक्षीची पाळी त्यानंतर, संध्याकाळची.

दोन ठिकाणी मात्र मी समोरच्या बाजूने बोलेन. एक, ब्रह्मकमळ. पावसाळ्यात रात्री बाराला ज्याचे फोटो येतात ते कुंडीतलं झाड मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होतं, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. कुंडीतल्याला ब्रह्मकमळ खुशाल म्हणा, फक्त 'हिमालयातलं दुर्मीळ फूल आमच्या गॅलरीत' असं लिहू नका. दुसरं, बिट्टी. हिलाच पिवळी कण्हेर म्हणतात. पोरं तिच्या बियांनी खेळतात आणि त्या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या, जीवघेण्या विषारी आहेत. चुकून कुणी खाल्लीच तर डॉक्टरला दोन्ही नावं सांगा, जमलं तर फांदीच घेऊन जा.

माझा खरा राग नर्सरीतल्या पाट्यांवर आहे. मधुमालतीवर 'रंगून क्रीपर', देवचाफ्यावर 'फ्रँगिपानी'. ना धड शास्त्रीय, ना आपलं. खाली मराठी नाव लिहायला कितीशी शाई लागते?

असो. कुंपणाला असतं ते काटेरी, पिवळ्या फुलांचं झुडूप, त्याला आम्ही कोरांटी म्हणतो. तुमच्याकडे काय म्हणतात? कमेंटमध्ये लिहा, पण तालुक्यासकट.