व्हिटिअर हे ‘एका छपराखालचं गाव’ आहे का?

अलास्कातल्या व्हिटिअरबद्दलची एक पोस्ट सतत फिरत असते: कडाक्याच्या थंडीमुळे अख्खं गाव एकाच इमारतीत राहतं, शाळाही आतच, जगाशी संबंध नाही आणि सगळे एका कुटुंबासारखे गुण्यागोविंदाने नांदतात.

अख्खं गाव एकाच इमारतीत नाही. बहुतेक लोक चौदा मजली बेगिच टॉवर्समध्ये राहतात हे खरं, पण व्हिटिअर मॅनर ही दुसरी निवासी इमारतही तिथे आहे. दुकान, टपाल कार्यालय टॉवर्समध्ये आहेत. शाळा मात्र वेगळ्या इमारतीत भरते, मुलं तिथे भुयारी वाटेने जातात.

थंडीचं कारण तर साफ चुकीचं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ही जागा हेरली, कारण इथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही आणि दाट ढगांमुळे ते शत्रूच्या विमानांपासून लपून राहतं. टॉवर्स 1950च्या दशकात, शीतयुद्धाच्या काळात लष्कराने बांधले. 1960मध्ये लष्कर गेलं, इमारत मागे राहिली. गावातली बरीचशी जमीन अलास्का रेल्वेच्या मालकीची, त्यामुळे सुटी घरं बांधायला जागाच फारशी नाही. एकत्र राहण्यामागचं खरं कारण हवेपेक्षा जमिनीत आहे.

तुटलेपणाचं म्हणाल तर 2000पासून सुमारे चार किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी जातात. एकच मार्गिका, तीही रेल्वेसोबत वाटून घेतलेली, रात्री बंद. गैरसोय आहेच, पण उन्हाळ्यात क्रूझचे प्रवासी इथूनच ये-जा करतात.

मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द. 2020च्या जनगणनेत इथे 272 माणसं होती. त्यांत अमेरिकन समोआतून आलेली कुटुंबं आहेत. प्रशांत महासागरातली ती बेटं अमेरिकेचीच, पण तिथे जन्मलेल्यांना अमेरिकेचं राष्ट्रीयत्व मिळतं, नागरिकत्व आपोआप मिळत नाही. त्यामुळे अलास्काच्या निवडणुकांत त्यांना मतदान करता येत नाही. 2023मध्ये शाळा मंडळावर निवडून आलेल्या इथल्याच एका समोअन आईवर बेकायदा मतदानाचा खटला भरला गेला. राष्ट्रीयत्व असल्यामुळे आपल्याला मत देता येतं असा तिचा समज होता, फसवण्याचा हेतू नव्हता, असं तिच्या बाजूचं म्हणणं. 2025मध्ये गावातल्या आणखी दहा जणांवर आरोप ठेवले गेले. एवढ्याशा वस्तीत दहा माणसं म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीचं कुणीतरी. त्या जिन्यांवर, त्या लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या शेजाऱ्यांवर कोर्टाची टांगती तलवार आहे, आणि पोस्टमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.