ड्रेन बोल्ट किती आवळायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना) म्हणजे पुस्तकी चोचले, तुमचा मिस्त्री वर्षानुवर्षं हाताच्या अंदाजानं ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाचं जुनं ऑइल काढायला खालून सोडतात तो बोल्ट, आवळतोय आणि एकही गळला नाही, शिवाय आपल्या खड्ड्यांत तो थोडा जास्तच आवळलेला बरा, असं तुमचं म्हणणं.

मिस्त्रीच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. जाणता मिस्त्री आखूड रिंग पाना घेतो, तिथंच निम्मं काम होतं. होंडाच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना या बोल्टसाठी ३९ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सांगितलेला असतो. २० सेंमी पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर दिला की तेवढा भरतो. त्याच पान्यात पाइप अडकवून लांबी ५० सेंमी केलीत, तर हाताच्या त्याच जोरानं टॉर्क जवळजवळ १०० न्यूटन-मीटरवर जातो आणि हाताला काही वेगळं जाणवतही नाही. बोल्ट आवळायची मशीन-गन लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

‘एकही गळला नाही’ हा पुरावा मात्र मला मान्य नाही. जास्त आवळलेला बोल्ट सहसा लगेच गळत नाहीच! बोल्ट पोलादाचा आणि चेंबर (इंजिनाखालचं तेल साठवणारं भांडं) अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा, त्यामुळे मार खातात ते चेंबरचे आटे. मग दोन-चार सर्व्हिसनंतर कधीतरी बोल्ट सोडताना आट्यांचा कीसच त्याच्याबरोबर बाहेर येतो. तोवर गाडी दुसऱ्या गॅरेजात गेलेली असते, आणि बोल लागतो त्या बिचाऱ्याला.

खड्ड्यांचंही तेच. आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच त्याला धरून ठेवतो. आटे दबून सरकायला लागले की ताण वाढायचा थांबतो आणि पुढे उतरतो. म्हणजे पकड वाढवायला गेलात आणि होती तीही घालवलीत.

खरं दुखणं वायसरचं आहे. तेल आटे अडवत नाहीत, बोल्टच्या डोक्याखालचा वायसर अडवतो. ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा हा वायसर मऊ असतो. पहिल्यांदा दबताना तो चेंबरच्या तोंडावरच्या बारीक खाचा भरून काढतो, दुसऱ्यांदा तितका दबत नाही. मग जुनाच लावला की पाझर दिसतो, पाझर दिसला की आणखी पाव फेरा, पुढच्या सर्व्हिसला आणखी थोडा. सर्व्हिसच्या बिलात शोधावी लागेल एवढ्याशा किमतीची वस्तू वाचवायला आपण चेंबर पणाला लावतो. टेफ्लॉन टेपही इथं नको. आटे गुळगुळीत झाले की त्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो.

टॉर्क रेंच नसेल तरी चालेल. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, वायसर टेकेपर्यंत फिरवा. मध्येच अडला तर आटा तिरका बसलाय. पाना न लावता सोडून पुन्हा सुरू करा. मग आखूड पान्यानं आवळा. वायसर दबताना हाताला थोडा मऊपणा लागतो आणि नंतर बोल्ट एकदम टणक होतो. तिथं थांबा. बोल्टभोवती पुसून कोरडं करा, तेल भरा, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा खाली बघा. ओल दिसलीच तर पान्याला हात लावण्याआधी वायसर नवा होता का ते आठवा.

तुमची गाडी कोणती ते लिहिलं नाहीत. फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल, तर त्यांच्या बऱ्याच इंजिनांत वायसर बोल्टलाच बसवलेला असतो. तिथं बोल्टच नवा घ्यायचा, आणि टॉर्क ३० न्यूटन-मीटर.