खिंडीतला बाबा

रात्रीचे सव्वादहा. बाहेर टीव्हीवर शेवटची पाच षटकं, भारताला हव्यात ४७ धावा, आणि मी आतल्या खोलीत अंधारात आडवा. पोटावर कन्येचा पाय. कन्येचं वय वर्षं सात.

"झोपली की ये बाहेर," असं बायको म्हणाली, तेव्हा सुरुवातीचा पॉवरप्ले चालू होता.

दोष माझाच आहे. लोकांची मुलं ससा-कासवावर झोपतात. मी हौसेने लढाया सांगायला घेतल्या. आजोबांनी क्रिकेट भरवलं. त्यात आजीने दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून 'चांदोबा'चे गठ्ठे खाली काढले. झालं! एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला स्मशान, असं शंकर यांनी काढलेलं विक्रमाचं चित्र हिने जे पाहिलं, त्यानंतर साध्या गोष्टी घरातून हद्दपार झाल्या. आता एकाच गोष्टीत लढाई, मॅच आणि भूत तिन्ही लागतं. वर प्रत्येक प्रसंगाला चित्र हवं. चित्र नाही म्हणजे ते घडलंच नाही. इतिहास संशोधकसुद्धा इतके कडक नसतात.

कपिल देवच्या १७५ धावा सांगितल्या त्या रात्री तर माझी पार शोभा झाली. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, समोर झिम्बाब्वे, आपली अवस्था ५ बाद १७. मी असा रंगलो होतो की मलाच झोप येईना. कपिल नाबाद १७५, दुसऱ्या टोकाला किरमाणी नाबाद २४, दोघांची नवव्या गड्यासाठी अभंग १२६...

"चित्र दाखव."

आता आली का पंचाईत! नेमकं त्या सामन्याचं चित्रणच झालेलं नाही. जगाला जे दाखवता येत नाही, ते मी रात्री अकरा वाजता कुठून आणू? शेवटी पाटीवर स्वतःच काढलं. केस पिंजारलेले, दात पुढे, खांद्यावर बॅट.

"हा वेताळ आहे," कन्येने निकाल दिला. बाजूला मी किरमाणी काढला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हे त्याचं झाड."

म्हणून आज मी सावधपणे पावनखिंड निवडली होती. माझा हिशोब सरळ होता. पन्हाळ्यावरून निघायचं, खिंड लढवायची, विशाळगडावर तोफा झाल्या की गोष्ट संपली. दोन षटकांत आटपेल असं काम.

"१६६० साल. सिद्दी जौहरचा चार महिने वेढा. बाहेर मुसळधार पाऊस—"

"मग मॅच रद्द?"

"लढाई रद्द होत नाही. तर एका पालखीत महाराज बसले आणि दुसऱ्या पालखीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद."

"म्हणजे आयपीएलमधला बदली खेळाडू, इम्पॅक्ट प्लेअर!"

बाहेरून "अरे काय सोडलास!" असं आजोबा ओरडले. त्यांनी कॅच सोडला की आपण चेंडू, हे कळायला मार्ग नव्हता. मी घाईघाईने घोडखिंडीत शिरलो. बाजीप्रभूंनी वाट का अडवून धरली, हे तिला पटकन कळावं म्हणून म्हटलं, "बघ, दिवस मावळायला आला की चांगला फलंदाज जपायचा असतो. मग दुसरा कुणीतरी जातो आणि टिच्चून उभा राहतो. त्याला नाइटवॉचमन म्हणतात."

शांतता. मला वाटलं, लागली झोप.

"पण आपले वॉचमनकाका तर झोपतात."

"बाजीप्रभू झोपले नाहीत."

"मग तू का झोपतोयस?"

वास्तविक मी तिच्यासमोर आदर्श ठेवावा म्हणून डोळे मिटले होते. पुन्हा उघडले आणि खिंडीत उभा राहिलो. आवाज हळूहळू खाली आणला. तलवारी बारीक आवाजात चालवल्या. "बाजीप्रभूंना जखमा झाल्या... पण कान गडाकडे... महाराज पोचले की तोफा होणार... अजून तोफा होत नाहीत..." पोटावरचा पाय सैल झाला. श्वास एका लयीत आला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "सहा चेंडूंत नऊ." मी तो पाय अलगद, सुरुंग उचलावा तसा उचलला, गादीवर ठेवला आणि एक गुडघा पलंगाखाली सोडला.

धडाम! धडाम! धडाम!

सोसायटीच्या गेटवर फटाके. वरच्या मजल्यावर थाळ्या. आपण जिंकलो असावं.

कन्या ताडकन उठून बसली. "बाबा, तोफा! महाराज पोचले!" पलंगावर तीन उड्या झाल्या, आणि चौथीला ती थेट माझ्या खांद्यावर.

"आता वेताळाची सांग. चित्रासकट."