मामाची कंबर 35, बीपी 168

"कंबर 36 इंचाच्या आत? मग पॅरालिसिस तुमच्या वाटेला जाणार नाही!" हा मेसेज गुलाबाच्या फुलासकट तुमच्याकडेही आला असेलच. 36 च्या आत तर बीपीची गोळी बंद, वर तर पाच वर्षांत पॅरालिसिसचा झटका नक्की, रोज नाभीत एरंडेल, आणि झटका आलाच तर सुईने बोटं टोचा. आमच्या मामाने वाचला, मामीच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली, 35 भरली, गोळी बंद. अकरा दिवसांनी मी गेलो तर बीपी 168/100. वर म्हणतो, "मला काही होत नाहीये रे." अरे बाबा, बीपीचं बहुतेकांना काही 'होत' नसतंच, म्हणून तर मोजायचं!

आणि ती 35 तरी खरी कुठे? शर्टावरून, श्वास ओढून, ढेरीखाली पट्टा बसतो तिथे मोजलेली. मोजायचं उघड्या पोटावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. तसं मोजलं तर 39. शिवाय आपल्याकडे मर्यादा धरतात पुरुषांना 90 सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीसच्या आतच, आणि बायकांना 80, साडेएकतीस. बायका मेसेजवाल्याच्या गावीच नाहीत.

पण समजा 30 भरली असती, तरी गोळी का बंद? 2016 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात इंटरस्ट्रोक अभ्यास आला, 32 देश, जवळपास 27 हजार माणसं, त्यात भारतही. स्ट्रोकच्या, म्हणजे याच झटक्याच्या, धोक्यात बीपीचा वाटा सुमारे 48 टक्के, कंबर-नितंबाच्या प्रमाणाचा 19 च्या आसपास (बेरीज करत बसू नका, पोटामुळे बीपीही वाढतं, एकात एक मिसळलेलं असतं). म्हणजे मोठा चोर सोडून दिला आणि टेप घेऊन बसले. वय, बीपी, शुगर, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके, सगळं धरून डॉक्टर अंदाज काढतात आणि तोही शंभरात इतक्यांना असा, त्यामुळे 'पाच वर्षांत नक्की' हीसुद्धा थापच.

एक मान्य करतो, नाइलाजाने. पोटाकडे बघा हे बरोबर आहे, वजनकाटा फसवतो. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि त्या इंग्रजाची 9.1! हे 2004 साली लॅन्सेटमध्येच छापून आलंय.

एरंडेलाने फार तर चादर खराब होईल. सुई मात्र नको. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली की 108 लावा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात आणि तुम्ही बोटं टोचत बसणार?

मामाची गोळी डॉक्टरांना विचारून परत सुरू झाली. टेप डब्यात ठेवता ठेवता मामीने स्वतःची कंबर मोजली, 34. "बघ, मी पास," म्हणाली. तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं, घरात कोणालाच आठवेना.