छातीचा एक्सरे साफ, मग पोटाचं काय?

ऐरोलीच्या आत्याने मंगळवारचा सिटी स्कॅन परस्पर रद्द केला. कारण, फॅमिली ग्रुपवरचा मेसेज. तीन महिने संध्याकाळची कणकण, पोटात उजवीकडे खाली दुखतं, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्यात. आणि मेसेज म्हणतो: छातीचा एक्सरे साफ असेल तर पोटाचा टीबी होतच नाही, सोनोग्राफीतल्या गाठी म्हणजे गॅस, सिटीने कॅन्सर होतो, फोटोवरून टीबी कळत नाही, गोळ्या दीड वर्ष गिळाव्या लागतात, त्यापेक्षा लसूण-मध घ्या.

पहिलं वाक्यच घातकी आहे. ठाण्यात पाऊस नाही म्हणून बेलापूर कोरडं, असं म्हणण्यासारखं. टीबीचा जंतू रक्तातून, गिळलेल्या थुंकीतून, कच्च्या दुधातूनही पोटात जातो. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो कोपरा त्याचा लाडका. आत्या नेमकं तिथेच बोट ठेवते. पोटाच्या टीबीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा छातीचा एक्सरे साफ असतो. त्या एक्सरेवर पोटाची सुटका कशी करणार?

गॅसची गाठ होत नाही. हां, सोनोग्राफीत गॅस आड येतो आणि मागचं नीट दिसत नाही. म्हणून तर पुढे सिटी सांगितला ना! शिरेतून औषध देऊन सिटी काढला की टीबीच्या गाठीची कडा पुष्कळदा उजळते आणि मधला मेलेला भाग काळा राहतो, मेदूवडा दिसावा तशी.

सिटीत किरणं असतात, एक्सरेपेक्षा कितीतरी जास्त. मान्य. पण पोटाच्या एका सिटीत मिळतात तेवढी किरणं जमीन-आकाशातून आपल्याला तीनेक वर्षांत तशीही मिळतात.

नुसत्या फोटोवर शिक्कामोर्तब होत नाही, हेही नाइलाजाने मान्य. क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) अगदी तसेच दिसू शकतात. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो उसळतो. म्हणून दुर्बिणीने तुकडा काढून तपासतात. तो कुठून काढायचा, हे स्कॅनच सांगतो.

दीड वर्ष? केंद्र सरकारच्या २०१६ च्या फुप्फुसाबाहेरील टीबीच्या मार्गदर्शक सूचनांत पोटाच्या टीबीला सहा महिने दिलेत. लसूण फोडणीत घाला.

आत्या म्हणाली, "अरे, पण डॉक्टरांनीच लिहिलंय." कोणत्या? खाली नाव नाही, नुसते जोडलेले हात. शेवटी गुरुवारची वेळ घेतली. चार तास उपाशी यायचं, सोबत क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट.